बटण दाबल्यावर : संगणकाच्या खिडकीतील घटना आणि त्यांची हाताळणी

प्रास्ताविक

आजच्या विद्यार्थ्याची संगणकाशी पहिली ओळख बहुधा बटणाच्या द्वारे होते. पडद्यावर एक चौकोन दिसतो, त्यावर एक शब्द लिहिलेला असतो, आपण तो दाबतो आणि काहीतरी घडते. ही कृती इतकी अंगवळणी पडली आहे की दाबणे आणि घडणे या दोहोंच्या मध्ये नेमके काय चालते, हा प्रश्न सहसा आपल्या मनात उद्भवत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच मधल्या जागेचा विचार करणार आहोत. त्यासाठी वसतिगृहाच्या भोजनगृहात उपयोगी पडेल असा एक लहानसा प्रोग्रॅम आपण टप्प्याटप्प्याने उभा करू. ज्या विद्यार्थ्यांना पायथन भाषेतील व्हेरिएबल आणि फंक्शन यांची प्राथमिक ओळख आहे, त्यांना हा पाठ समजण्यास अडचण पडू नये.

या पाठाचे सार आरंभीच सांगतो. बटण असलेल्या प्रोग्रॅममध्ये कामाचा क्रम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. तो वापरणाऱ्याच्या हाती जातो. म्हणून कोणतेही बटण कोणत्याही क्षणी, कितीही वेळा दाबले गेले तरी प्रोग्रॅममधील माहिती सत्यच राहिली पाहिजे. ही जबाबदारी दाबणाऱ्याची नसून लिहिणाऱ्याची आहे.

१. क्रम कोणाच्या हाती?

आपण वर्गात प्रथम जे प्रोग्रॅम लिहितो ते वरून खाली चालतात. प्रोग्रॅम विचारतो, 'पहिली संख्या कोणती?' आपण उत्तर देतो. मग तो दुसरी संख्या विचारतो, बेरीज करतो, उत्तर छापतो आणि संपतो. काय केव्हा विचारायचे हे लिहिणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. वापरणाऱ्याला तेवढेच उत्तर देण्याची मुभा असते.

खिडक्या, चित्रे आणि बटणे असलेल्या प्रोग्रॅमची रीत याच्या उलट आहे. ही रीत एका दिवसात आली नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसच्या साहाय्याने पडद्यावरील मजकूर हाताळण्याचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्टो हा संगणक चालू झाला आणि पडद्यावरील खिडक्यांची कल्पना तेथे विकसित झाली. जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश बाजारात आला आणि ही पद्धत सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचू लागली. या साऱ्या प्रवासात बदलली ती केवळ पडद्याची शोभा नव्हे. 'आता काय करायचे?' हे ठरविण्याचा अधिकार यंत्राकडून माणसाकडे आला, हा खरा बदल होय.

२. घटना आणि घटनांची रांग

माऊस हलला, बटणावर बोट पडले, कळफलकावरील कळ दाबली गेली, खिडकी बंद केली गेली. यांपैकी प्रत्येक गोष्टीला संगणकशास्त्रात घटना किंवा इव्हेंट म्हणतात. घटना घडली की तिची नोंद एका रांगेत जाते. प्रोग्रॅमचा एक भाग सतत त्या रांगेकडे लक्ष ठेवून असतो. रांगेत काही नसेल तर तो शांतपणे वाट पाहतो. काही आले की पहिली घटना उचलतो, तिच्यासाठी नेमून दिलेले फंक्शन चालवितो, ते संपले की पुढची घटना घेतो. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. आपण त्याला घटनाचक्र म्हणू.

घटना घडल्यावर चालणाऱ्या फंक्शनला घटना हाताळणारे फंक्शन किंवा हँडलर असे नाव आहे. हे फंक्शन आपण लिहितो, पण ते केव्हा चालवायचे हे आपण सांगत नाही. आपण फक्त इतकेच सांगून ठेवतो की, 'हे बटण दाबले गेले तर हे फंक्शन चालवावे.' वर्गात घंटेचा जो संकेत आपण पाळतो, तसाच हा संकेत आहे. घंटा झाली की काय करायचे हे ठरलेले असते. घंटा देणारा हात मात्र दुसऱ्याचा असतो.

३. पहिला प्रोग्रॅम

भोजनगृहातील मावशींना सायंकाळी जेवणारे किती, हे कळावे लागते. त्यावरून तांदूळ किती घ्यायचे आणि पोळ्या किती करायच्या हे ठरते. संख्या कमी निघाली तर शेवटच्या पंगतीतील मुलाच्या ताटात कमी पडते; जास्त निघाली तर अन्न वाया जाते. तेव्हा ही मोजणी बिनचूक असणे अगत्याचे आहे. आपण एक खिडकी करू. तीत एक आकडा आणि 'जेवणार' असे लिहिलेले एक बटण असेल. प्रत्येक दाबाला आकडा एकाने वाढेल.

गुइडो व्हान रॉसम यांची पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत टीकेइंटर नावाचा संच मिळतो. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलेल्या टीके या संचावर तो आधारलेला आहे. खाली प्रोग्रॅमच्या ओळी उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना भाषेचे स्वतःचे शब्द आणि प्रोग्रॅममधील अंक इंग्रजी लिपीत लिहावेत. संचातील टीके, लेबल, बटन आणि एन्ट्री या वस्तूंच्या नावांचे पहिले अक्षर कॅपिटल असते, हे ध्यानात ठेवावे. आपण स्वतः ठेवलेली 'संख्या', 'फलक', 'वाढवा' यांसारखी नावे मात्र पायथनची तिसरी आवृत्ती देवनागरीतही स्वीकारते.

इम्पोर्ट टीकेइंटर ॲज टीके
खिडकी = टीके.टीके()
संख्या = ०
फलक = टीके.लेबल(खिडकी, टेक्स्ट=संख्या)
फलक.पॅक()
डेफ वाढवा():
    ग्लोबल संख्या
    संख्या = संख्या + १
    फलक.कॉन्फिग(टेक्स्ट=संख्या)
कळ = टीके.बटन(खिडकी, टेक्स्ट="जेवणार", कमांड=वाढवा)
कळ.पॅक()
खिडकी.मेनलूप()

पहिल्या दोन ओळी संच मागवून घेतात आणि खिडकी तयार करतात. 'फलक' हे आकडा दाखविणारे लेबल आहे. 'वाढवा' हे आपले घटना हाताळणारे फंक्शन. 'कळ' हे बटण असून 'कमांड' या शब्दाने त्याची 'वाढवा' या फंक्शनशी गाठ घातली आहे. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. 'मेनलूप' म्हणजेच घटनाचक्र. ही ओळ आली की प्रोग्रॅम वाट पाहू लागतो आणि खिडकी बंद होईपर्यंत तेथेच राहतो. 'वाढवा' हे फंक्शन मध्यभागी लिहिलेले असले तरी ते मध्यभागी चालत नाही. ते दाब येईल तेव्हा चालते.

४. तीन नेहमीचे अडथळे

नवशिक्यांना या ठिकाणी तीन अडथळे हमखास भेटतात.

पहिला अडथळा कंसांचा. 'कमांड=वाढवा' असे लिहिण्याऐवजी 'कमांड=वाढवा()' असे लिहिले, तर खिडकी उघडताच फलकावर १ दिसतो आणि नंतर बटण कितीही दाबले तरी आकडा हलत नाही. कारण साधे आहे. फंक्शनच्या नावापुढे कंस दिले की 'आत्ताच चालव' असा अर्थ होतो. म्हणून बटण तयार होत असतानाच फंक्शन एकदा चालून जाते. ते काहीच परत देत नाही, आणि बटणाच्या वाट्याला रिकामा हात येतो. कंसाविना नाव दिले म्हणजे आपण फंक्शन सुपूर्द करतो, चालवीत नाही. एखाद्याला पत्ता लिहून देणे आणि स्वतःच त्या पत्त्यावर जाऊन येणे, यांत जो भेद आहे तोच येथे आहे.

दुसरा अडथळा 'ग्लोबल' या शब्दाचा. ती ओळ गाळली तर पायथन 'संख्या' हे नाव फंक्शनच्या आतलेच समजते, त्याला अद्याप किंमत नाही असे पाहते आणि त्रुटीचा संदेश देते. पण हा संदेश खिडकीत दिसत नाही. तो प्रोग्रॅम जेथून सुरू केला त्या टर्मिनलमध्ये उमटतो. खिडकी तशीच उघडी राहते, बटण आत-बाहेर होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की सारे ठीक चालले आहे. म्हणून बटण गप्प राहिले तर प्रथम टर्मिनल वाचावे.

तिसरा अडथळा अनेक बटणांचा. पाचवी ते दहावी अशा सहा इयत्तांसाठी सहा बटणे एकाच फेऱ्यात तयार करावी असे आपल्याला वाटते. 'फॉर' च्या फेऱ्यात 'कमांड=लॅम्डा: वाढवा(इयत्ता)' असे लिहिले, तर सहाही बटणे दहावीचाच आकडा वाढवितात. लॅम्डा 'इयत्ता' या नावाची किंमत बटण तयार होताना नव्हे, तर दाबले जाताना पाहते. आणि तोवर फेरा संपून 'इयत्ता' दहावीवर थांबलेली असते. 'लॅम्डा इयत्ता=इयत्ता: वाढवा(इयत्ता)' असे लिहिले की प्रत्येक बटण त्या क्षणीची किंमत आपल्याजवळ राखून ठेवते.

या तिन्ही अडथळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ओळ लिहिण्याची वेळ, बटण तयार होण्याची वेळ आणि बटण दाबले जाण्याची वेळ या तीन निरनिराळ्या वेळा आहेत. त्यांची गल्लत झाली की प्रोग्रॅम बिघडतो.

५. दाब दिसतो, हेतू दिसत नाही

तथागतांनी चेतनेला, म्हणजे कृतीमागील हेतूला, कर्माचे मूळ मानले आहे, हे आपल्या वाचकांस परिचित आहे. नकळत पडलेले पाऊल आणि जाणून टाकलेले पाऊल यांत धम्म भेद करतो. संगणकाला मात्र हा भेद करता येत नाही. बोट घसरून दाब आला की विचारपूर्वक आला, दोनदा दाबले ते दोन मुलांसाठी की पहिला दाब लागला नाही असे वाटल्यामुळे, हे यंत्रास कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या रांगेत फक्त दाबाची नोंद असते. म्हणून हेतूचा विचार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवावा लागतो.

टीके संचाच्या कर्त्यांनी असा विचार केल्याची एक खूण बटणातच सापडते. माऊसची कळ खाली दाबताच 'कमांड' चालत नाही. ती कळ सोडल्यावर चालते, आणि तेही बाण अजून त्या बटणावर असेल तरच. दाबल्यावर मन बदलले तर बाण बाजूला नेऊन कळ सोडावी; काहीही घडत नाही. पुष्कळशा प्रणालींत हीच रीत आहे. दाबणे आणि सोडणे यांच्यामधील तो क्षण वापरणाऱ्याला फेरविचारासाठी दिलेला आहे.

याच कारणाने बटणासाठी 'बाइंड' या मार्गाने माऊसच्या कळेची घटना थेट पकडण्यापेक्षा 'कमांड' वापरणे इष्ट. 'बाइंड' ने पकडलेली घटना दाबताक्षणीच फंक्शन चालविते. फेरविचाराचा क्षण नाहीसा होतो. शिवाय 'कमांड' ला कळफलकही समजतो. टॅब कळेने बटणावर येऊन स्पेस बार दाबला की तेच फंक्शन चालते. ज्याला माऊस धरणे कठीण जाते, अशा विद्यार्थ्यासाठी ही सोय म्हणजे प्रोग्रॅमचे दारच होय.

आता आपल्या खिडकीत आणखी दोन बटणे घालू : 'एक वजा' आणि 'नवा दिवस'. पहिले चुकीची वाढ मागे घेण्यासाठी, दुसरे आकडा शून्यावर आणण्यासाठी. आता क्रमांचा विचार करा. 'नवा दिवस' दाबल्यावर लगेच 'एक वजा' दाबले तर आकडा उणे एक होईल. उणे एक मूल जेवायला येत नाही. म्हणून 'एक वजा' च्या फंक्शनमध्ये 'संख्या शून्याहून मोठी असेल तरच' अशी अट हवी. आणि समजा, आकडा १३७ वर असताना कोणाचा हात 'नवा दिवस' वर पडला, तर साऱ्या सायंकाळची मोजणी जाईल. यासाठी मेसेजबॉक्स या भागातील 'आस्कयेसनो' वापरून आधी विचारता येते. पण केवळ 'नक्की का?' असे विचारणे पुरेसे नाही, कारण रोज तोच प्रश्न आला की बोट न वाचताच 'होय' म्हणू लागते. त्याहून चांगला उपाय म्हणजे जुना आकडा 'मागील' नावाच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवणे आणि तो परत आणण्याचे एक बटण देणे. चूक होऊ नये म्हणून विचारावे. झालीच तर दुरुस्त करता यावी.

६. हँडलर लांबला तर

घटनाचक्र एका वेळी एकच काम करते, हे वर पाहिले. मग एखादे घटना हाताळणारे फंक्शन दहा सेकंद चालले तर? त्या दहा सेकंदांत खिडकी निश्चल होते. आकडा बदलत नाही, दुसरे बटण प्रतिसाद देत नाही. वापरणाऱ्याला वाटते, दाब लागला नाही. तो पुन्हा पुन्हा दाबतो. ते सर्व दाब रांगेत साचतात आणि फंक्शन संपताच एकामागून एक चालतात. मोजणी चारने फुगते आणि कोणालाही कारण कळत नाही.

म्हणून असे फंक्शन आखूड असावे, हा या विषयातील पहिला नियम आहे. काही वेळाने काही करायचे असेल तर 'स्लीप' ने प्रोग्रॅमला झोपवू नये, 'खिडकी.आफ्टर(१०००, फंक्शनचे नाव)' असे लिहावे. १००० हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे एक सेकंद. तेवढ्या वेळाने ते फंक्शन चालविण्याची नोंद होते आणि मधल्या काळात घटनाचक्र मोकळे राहते. काम खरोखर मोठे असेल तर त्याचे लहान तुकडे करून 'आफ्टर' ने एकेक तुकडा उरकावा, आणि ते चालू असेतो बटणाची 'स्टेट' 'डिसेबल्ड' करून ठेवावी. मंद झालेले बटण सांगते, 'तुमचा दाब पोहोचला आहे, थोडे थांबा.' प्रतिसाद त्वरित देणे हे वापरणाऱ्याला सत्य सांगण्याचेच एक रूप आहे.

७. क्रम गृहीत धरल्याची किंमत

भोजनगृहाच्या मोजणीतील चूक एका जेवणापुरती असते. परंतु हाच दोष अन्यत्र किती भयंकर ठरला, याचे एक उदाहरण संगणकशास्त्राच्या इतिहासात नोंदलेले आहे.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेने तयार केले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राकडून रुग्णांना अतिरिक्त किरणमात्रा मिळण्याच्या सहा दुर्घटना झाल्या. त्यांपैकी दोन १९८६ च्या वसंतात टेक्सासमधील टायलर येथे घडल्या. या यंत्रास खिडक्या आणि बटणे नव्हती. तंत्रज्ञ कळफलकावरून उपचाराचा प्रकार टंकत असे. क्ष-किरणांचा प्रकार चुकून टंकला गेला तर वर जाऊन तो इलेक्ट्रॉनचा करता येत असे. परंतु चुंबके जुळविण्यास यंत्राला सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत कोणी चपळाईने दुरुस्ती केली तर ती पडद्यावर दिसे, प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागास मात्र ती कळत नसे. सावकाश टंकणाऱ्याच्या हातून दोष कधी प्रकट होत नसे. सरावाने हात जलद झालेल्या तंत्रज्ञाच्या हातून तो प्रकट झाला. टायलर येथील दोन्ही रुग्ण त्या मात्रेच्या परिणामांनी दगावले.

याच यंत्राच्या आधीच्या थेरॅक-२० या प्रकारात धोक्याच्या स्थितीत किरण रोखणारी स्वतंत्र यांत्रिक योजना होती. थेरॅक-२५ मध्ये तो भार बव्हंशी प्रोग्रॅमवर टाकण्यात आला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या दुर्घटनांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तो आजही संगणक अभियंत्यांना शिकविला जातो. त्यातून मिळणारा धडा असा की, दोष केवळ एका ओळीत नव्हता. यंत्र वारंवार त्रुटी दाखवी, तिचा अर्थ स्पष्ट नसे आणि एक कळ दाबून पुढे जाता येत असे. त्यामुळे पुढे जाण्याची सवयच लागली होती. वापरणारा अमुक क्रमाने आणि अमुक वेगानेच काम करील, हे गृहीतक त्या प्रोग्रॅमच्या तळाशी होते. ज्याने कळ दाबली त्याचा यात दोष नव्हता.

८. मोजणी नव्हे, नोंद

आता आपल्या प्रोग्रॅमकडे परत येऊ आणि त्याचा मूळ दोष पाहू. आपण दाब मोजत होतो. मोजायची होती मुले. दाब आणि मूल यांचे नाते एकास एक आहे, हे आपले गृहीतक होते. ते काढून टाकण्याचा उपाय असा : 'जेवणार' या बटणाशेजारी हजेरी क्रमांक लिहिण्याची एक चौकट द्यावी. टीकेइंटरमध्ये तिला 'एन्ट्री' म्हणतात. आणि संख्या वाढविण्याऐवजी तो क्रमांक एका संचात टाकावा. पायथनमधील 'सेट' म्हणजे गणितातील संच; त्यात एक घटक दोनदा टाकला तरी तो एकदाच राहतो.

जेवणारे = सेट()
डेफ नोंदवा():
    क्रमांक = इंट(चौकट.गेट())
    जेवणारे.ॲड(क्रमांक)
    फलक.कॉन्फिग(टेक्स्ट=लेन(जेवणारे))

येथे 'लेन' संचातील घटकांची संख्या देते. आता क्रमांक ४७ च्या विद्यार्थिनीने बटण एकदा दाबले, घाईत तीनदा दाबले किंवा मैत्रिणीने तिच्यासाठी पुन्हा दाबले, तरी तिची नोंद एकच राहते. ज्या कृतीची पुनरावृत्ती केली तरी परिणाम बदलत नाही, ती कृती अनियंत्रित दाबांना पुरून उरते. नोंद रद्द करण्यासाठी 'जेवणारे.डिस्कार्ड(क्रमांक)' वापरावे. क्रमांक संचात नसला तरी 'डिस्कार्ड' निमूटपणे पुढे जाते. 'रिमूव्ह' वापरले तर त्रुटी येते. आता आकडा उणे होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण संच रिकाम्याहून रिकामा होत नाही. पूर्वी जी अट आपण मुद्दाम घातली होती, ती मांडणी बदलल्यामुळे आपोआप साधली.

'इंट' हे फंक्शन चौकटीतील मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करते, त्यामुळे आरंभीच्या शून्यासह लिहिलेले ०४७ आणि ४७ हे एकच ठरतात. चौकटीत देवनागरी अंक टंकले तरी 'इंट' त्यांचा अर्थ ओळखते. मात्र चौकट रिकामी असेल किंवा तीत अक्षरे असतील तर ते त्रुटी देते. म्हणून 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' यांच्या साहाय्याने ती त्रुटी झेलावी आणि फलकाशेजारी 'कृपया हजेरी क्रमांक लिहावा' असा संदेश दाखवावा. संदेश असा असावा की लहान इयत्तेतील मुलालाही पुढे काय करावे हे कळेल आणि आपण काही मोठा अपराध केला असे त्याला वाटणार नाही.

उपसंहार

बटणाची एक ओळ लिहिणे सोपे आहे. ते बटण दुसऱ्याच्या हाती सोपविणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. ते दाबणारा कोण असेल, घाईत असेल की निवांत, त्याला वाचता किती येत असेल, हे लिहिणाऱ्यास माहीत नसते. त्याने आपल्यासारखेच वागावे, अशी अपेक्षा ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याच हातात तेवढा बरा चालतो. वसतिगृहात आपण शंभर स्वभावांच्या मुलांसह राहतो. प्रत्येक जण आपल्या क्रमाने आणि आपल्या गतीने चालतो, आणि तरीही रात्री प्रत्येकाच्या ताटात अन्न पडले पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतून हाच अप्रमाद, हीच दुसऱ्याविषयीची काळजी दिसावी, अशी आमची इच्छा आहे.

स्वाध्याय

१. पहिल्या प्रोग्रॅममध्ये 'कमांड=वाढवा()' असे मुद्दाम लिहून पाहा. फलकावर काय दिसते व का, ते चार ओळींत लिहा.

२. 'वाढवा' मध्ये पाच सेकंदांची 'स्लीप' घालून बटण चार वेळा भराभर दाबा. काय घडते याचे निरीक्षण नोंदवा आणि नंतर तीच 'स्लीप' काढून 'आफ्टर' वापरा.

३. 'नोंदवा' आणि 'रद्द' ही दोन बटणे असलेला संपूर्ण प्रोग्रॅम तयार करा. मग तो संगणक न शिकलेल्या एखाद्या मित्राला काहीही न सांगता वापरायला द्या आणि त्याने कोणत्या क्रमाने बटणे दाबली ते लिहून ठेवा.

४. खिडकी चुकून बंद झाली तर सारी नोंद नाहीशी होते. ती जपण्यासाठी प्रत्येक नोंदीनंतर काय करावे लागेल, याचा विचार करा आणि वर्गात चर्चा करा.